ख्रिस्ती श्रद्धेतील आत्मिक स्वातंत्र्य : मराठी मुलखातून एक आढावा

उरणजवळच्या द्रोणागिरी किल्ल्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे पडके अवशेष आहेत. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल बसला, तेव्हा धर्म आणि सत्ता बरोबरच आल्या. १७३९ मध्ये मानाजी आंग्र्यांनी हा मुलूख घेतला आणि ते पर्व संपले. आज किल्ल्याच्या पायथ्याशी सिडकोचा द्रोणागिरी नोड वाढतो आहे, जवळच जवाहरलाल नेहरू बंदर आहे. नोकरीधंद्यासाठी नवी मुंबईत आलेल्या माणसांत कॅथलिक, सीरियन, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल अशा साऱ्या ख्रिस्ती परंपरांचे लोक आहेत. सत्तेच्या आश्रयाने आलेला धर्म आणि माणसाने स्वतःच्या मनाने धरलेला धर्म, या दोन्हींचा इतिहास या टापूला आहे. त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धेत आत्मिक स्वातंत्र्याला काय अर्थ आहे, हा प्रश्न इथल्या वाचकाला परका वाटायला नको.

ख्रिस्तामुळे माणूस मुक्त होतो, हे सगळे ख्रिस्ती पंथ मानतात. मतभेद पुढे सुरू होतात. ही सुटका कशापासून? पापापासून, धार्मिक नियमांच्या ओझ्यापासून, मनातल्या आसक्तींपासून, की जातीच्या आणि गरिबीच्या जाचापासून? ती कोणाच्या बळावर होते, देवाच्या कृपेने की माणसाच्या निवडीने? मुक्त माणसावर चर्चचा अधिकार किती? आणि आतून मोकळे झालेले माणूस बाहेर बांधलेलेच राहिले, तर त्या स्वातंत्र्याचे काय करायचे? या प्रश्नांवर दोन हजार वर्षे वाद चालू आहे. त्यात मराठी माणसांनी घातलेली भर मोलाची आहे आणि तिची नोंद एकत्रितपणे क्वचितच घेतली जाते. या आढाव्यात ती घेण्याचा प्रयत्न आहे.

मुळे : मिसर, नासरेथ आणि गलतीया

ख्रिस्ती विचारात स्वातंत्र्याची पहिली आठवण गुलामांच्या सुटकेची आहे. निर्गमाच्या पुस्तकात मोशे इस्राएल लोकांना फारोच्या वेठबिगारीतून बाहेर काढतो. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल कुटुंबांनी ही आठवण वल्हांडणाच्या सणातून पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ही सुटका प्रत्यक्ष होती, विटा पाडणाऱ्या हातांची होती. पण सुटलेले लोक थेट सीनाय पर्वतापाशी जातात आणि देवाशी करार करतात. म्हणजे बायबलमध्ये पहिल्यापासूनच स्वातंत्र्याला दोन अंगे आहेत : एका धन्याच्या हातून सुटणे आणि दुसऱ्याशी निष्ठेने बांधून घेणे.

शुभवर्तमानांतही ही दोन अंगे दिसतात. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचे पुस्तक उघडतो आणि गरीब, बंदिवान, आंधळे व पिचलेले यांच्यासाठी आपण आलो असल्याचे सांगतो. योहानच्या आठव्या अध्यायात मात्र श्रोते म्हणतात की आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कोणाचेही गुलाम नव्हतो. तेव्हा येशू त्यांना पापाच्या गुलामीची जाणीव करून देतो. पुढचे बहुतेक वाद या दोन प्रसंगांपैकी कोणता प्रमाण धरायचा, यावरून झाले आहेत.

पौलाने या प्रश्नाला सिद्धान्ताचे रूप दिले. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातला तात्कालिक वाद सुंतेचा होता : यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे का? पौलाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मात्र स्वातंत्र्याचा अर्थ मन मानेल तसे वागणे, हेही तो नाकारतो. मुक्त माणसाने प्रेमाने एकमेकांची सेवा करावी, अशी त्याची सांगता आहे. याच पत्रात ख्रिस्ताच्या ठायी यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद उरत नाहीत, असा विचार येतो. पण फिलेमोनाला लिहिलेल्या एकाच अध्यायाच्या पत्रात पौल अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो आणि त्याला भावासारखे वागवण्याची विनंती करतो. त्याला गुलामीतून सोडून दे, असे तो उघड म्हणत नाही. गुलामगिरीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही पुढे हेच पत्र आपल्या बाजूने वाचले.

कृपा की इच्छा

पाचव्या शतकात वाद माणसाच्या इच्छाशक्तीकडे वळला. पेलागियसचे म्हणणे असे की देव माणसाला अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. म्हणून चांगले वागण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) स्वतःच्या अनुभवावरून उलट सांगत होता. काय बरोबर हे कळते, करावेसेही वाटते, तरी हातून होत नाही. ही गाठ फक्त देवाची कृपा सोडवू शकते. त्याच्या लेखी दोन पर्यायांतून निवडता येणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे. ज्याला वाईटाची ओढच राहिली नाही, तो खरा स्वतंत्र. ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. तरी माणसाच्या सहकार्याला जागा किती, हे पुरते ठरले नाही.

सोळाव्या शतकात हाच प्रश्न पुन्हा पेटला. मार्टिन लूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहिला. श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणूस कोणाचाही ताबेदार नाही आणि प्रेमामुळे तो सर्वांचा सेवक आहे, हा त्याचा गाभा. १५२४ मध्ये इरॅस्मसने माणसाच्या मुक्त इच्छेची बाजू मांडली. लूथरने १५२५ मध्ये त्याला कडक उत्तर दिले : देवासमोर माणसाची इच्छा बांधलेली आहे. त्याच वर्षी जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी बारा कलमांचे मागणीपत्र काढले आणि ख्रिस्ताने आपल्याला सोडवले आहे, तेव्हा आपण वेठबिगार राहू नये, असा दावा केला. लूथरने तो मानला नाही. आत्म्याचे स्वातंत्र्य आणि शेतसाऱ्याचे प्रश्न एकत्र करू नका, असे तो म्हणाला आणि बंड चिघळल्यावर राजांच्या बाजूने उभा राहिला. आंतरिक आणि बाह्य स्वातंत्र्यातली फट इतकी उघडी क्वचितच पडली असेल.

कॅथलिक पक्षाने त्रेंतच्या परिषदेत १५४७ मध्ये आपली भूमिका ठरवली : आदामाच्या पतनामुळे माणसाची इच्छा दुबळी झाली, नष्ट झाली नाही, कृपा पुढाकार घेते आणि माणूस तिला होकार देतो. चार शतकांहून अधिक काळ हे दोन पक्ष समोरासमोर होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघाने नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त निवेदन केले. तारण केवळ कृपेने होते आणि सत्कृत्ये हे त्याचे फळ, यावर दोघांचे एकमत झाले. तारलेला माणूस एकाच वेळी पापीही राहतो का, यावर मात्र भर वेगवेगळाच राहिला. सिद्धान्ताच्या पातळीवर या वादात झालेली ही सर्वात मोठी प्रगती होय.

सदसद्विवेक आणि अधिकार

श्रद्धा धरण्याचा किंवा बदलण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मराठी मुलखात आधी कोर्टात उभा राहिला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा वडिलांनी दाद मागितली. श्रीपती वयाने लहान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचे की नाही, यावर हिंदू समाजात मोठा वाद झाला; बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. कोणत्या वयात, किती समजून, कोणाच्या सहवासात घेतलेला निर्णय मोकळा मानायचा, हा त्या मुलाच्या निमित्ताने निघालेला प्रश्न अजून चर्चेत आहे.

चर्चच्या आत हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका (१८५८–१९२२) नेटाने कोणी लढवला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. मराठीत या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने पहिल्यांदा वाचावा असा हा ऐवज आहे. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला बायबलमधून पटल्याशिवाय केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करणार नाही, असे रमाबाई लिहितात. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा सल्ला भारतातल्या बिशपांकडून आला. तो त्यांना मानवला नाही. त्या शाकाहारी राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरण्याची रीत त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी विचारले की लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी?

सिस्टर जेराल्डिनची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्या मते श्रद्धा ही एकट्याच्या बुद्धीने निवडून घ्यायची वस्तू नव्हे. ती शतकानुशतकांच्या मंडळीकडून स्वीकारायची असते, आणि तिच्यात नम्रता नसेल तर स्वातंत्र्याचा अहंकार व्हायला वेळ लागत नाही. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत हे म्हणणे आजही जबाबदारीने मांडले जाते. रमाबाईंचे उत्तर असे होते की आपण एका जोखडातून नुकत्याच सुटलो आहोत, लगेच दुसरे मानेवर घेणार नाही. आज्ञा पाळायची ती देवाची.

पण रमाबाईंचीही परीक्षा झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माबाबत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’ने त्यावर टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंचे म्हणणे होते की कोणावर सक्ती केली नाही आणि स्वतःची प्रार्थना दाराआड लपवणार नाही. टीकाकारांचे म्हणणे होते की निराधार मुलगी जिच्या आश्रयाला आहे तिचे उघडे दार हीच एक ओढ असते. दोन्ही बाजूंना वजन आहे. आश्रयदात्याचा प्रभाव आणि आश्रिताची मोकळी निवड यांतली सीमा कुठे आखायची, याचे सर्वमान्य उत्तर अजून निघालेले नाही.

जागतिक कॅथलिक चर्चने या बाबतीत मोठा पल्ला गाठला. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन चालले होते. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, असे मान्य केले. चर्चच्या आत मतभेद ठेवण्याचा हक्क किती, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर हा जाहीरनामा फारसे बोलत नाही.

भक्ती, अनासक्ती आणि आत्म्याचे वारे

सदसद्विवेक आणि अधिकाराच्या या वादाशेजारची दुसरी धारा अंतर्मुख आहे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तभक्ती अभंग-कीर्तनाच्या वाटेवर आणली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्यासाठी मुक्ती म्हणजे ख्रिस्ताशी जडलेले प्रेम. या प्रेमाला परदेशी मिशनच्या पगाराची चौकट त्यांना अपुरी वाटली, आणि १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पुढल्या दोनच वर्षांत टिळक गेले आणि प्रयोग अपुरा राहिला. चर्चच्या सभासदत्वाशिवाय ख्रिस्ताचे शिष्यत्व असू शकते का, हा त्यामागचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपला प्रवास सांगितला आहे. जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनाला पटल्यावर त्यांनी आधी सोवळे सोडले. बाप्तिस्मा १९०० मध्ये घेतला. कोणाच्याही हातचे पाणी घेता येणे, हीच त्यांच्या मुक्तीची पहिली खूण ठरली.

इग्नेशियस लोयोलाच्या परंपरेत आत्मिक स्वातंत्र्य म्हणजे विस्कळीत आसक्तींतून सुटणे. श्रीमंती की गरिबी, आरोग्य की आजार, कशाचाही आधीच हट्ट न धरता देवाची इच्छा ओळखण्याची तयारी. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डी मेलो (१९३१–१९८७) यांनी पुणे आणि लोणावळा इथल्या ‘साधना’ संस्थेतून ही शिकवण भारतीय ध्यानपरंपरेशी जोडली. जागरूकता आली की आसक्ती गळते, असे ते शिकवत. त्यांची पुस्तके जगभर वाचली गेली. १९९८ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने सूचना काढली की त्यांच्या काही लेखनात देवाचे व्यक्तिरूप आणि ख्रिस्ताचे अनन्यत्व धूसर होते. त्यांचे समर्थक म्हणतात की ती शिबिरांतली बोलणी होती, सिद्धान्तग्रंथ नव्हते. मुद्दा खोल आहे : ख्रिस्ती मुक्ती ही मनाची एक अवस्था आहे की एका व्यक्तीशी जडलेले नाते?

तिसरा प्रवाह पवित्र आत्म्याच्या अनुभवाचा. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींमध्ये जे जागरण झाले, त्याची नोंद जागतिक पेंटेकॉस्टल इतिहासात घेतली जाते. मोठमोठ्याने प्रार्थना, रडणे, पापांची कबुली, प्रचारासाठी गावोगाव जाणे. दुष्काळात घर गमावलेल्या मुलींना इथे आवाज मिळाला, असे काही अभ्यासक म्हणतात. सामूहिक भावनावेगाला किती महत्त्व द्यावे, अशी शंका इतर घेतात. दारूच्या व्यसनातून, भीतीतून, आजारातून सुटका हीच आजच्या अनेक प्रार्थनासभांत मुक्तीची भाषा आहे. सुशिक्षित ख्रिस्ती लेखक तिच्याकडे कमी लक्ष देतात. ज्याच्या घरी संध्याकाळी शांतता आली, त्याच्यासाठी तो पुरावा पुरेसा असतो.

आत्म्याची मुक्ती, समाजाची मुक्ती

विसाव्या शतकात लूक-योहानचा जुना ताण नव्या रूपात आला. पेरूचे गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या १९७१ च्या ग्रंथाने मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाला नाव दिले : पाप केवळ व्यक्तीच्या मनात नसते, अन्यायी व्यवस्थेतही असते. व्हॅटिकनने १९८४ मध्ये मार्क्सवादी विश्लेषण जसेच्या तसे घेण्याबद्दल इशारा दिला. १९८६ च्या दुसऱ्या निवेदनात गरिबांच्या मुक्तीची आस मान्य करून ती पापमुक्तीच्या पायावर उभी केली.

भारतात हा प्रश्न जातीचा होता. श्रीपतीचे थोरले भाऊ नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. मराठवाडा आणि अहमदनगर भागात महार-मांग समाजातले हजारो लोक ख्रिस्ती झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अनुभवाची कठोर तपासणी केली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांचे निरीक्षण असे की धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जात टिकली. आणि दलिताला त्याच्या अवस्थेचे कारण परिस्थितीऐवजी मूळ पापात शोधायला शिकवल्याने अन्यायाविरुद्धचा त्याचा लढा मंदावला. ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दिलेल्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात त्यांनी धर्मांतराचा अर्थ माणुसकीच्या हक्कांशी जोडला होता.

या टीकेला आतून दिलेले महत्त्वाचे उत्तर म्हणजे दलित ईश्वरविज्ञान. मूळचे महाराष्ट्रातले अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्याची पहिली मांडणी केली. अनुवाद पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएल लोक आपण कोण होतो आणि देवाने कसे सोडवले याची कबुली देतात. तीच कबुली दलित ख्रिस्ती माणसाने आपल्या पूर्वजांच्या नावाने द्यावी, असे त्यांनी सुचवले. त्यांचे टीकाकार म्हणतात की यात वेदना हीच ओळख होऊन बसते. समर्थक म्हणतात की ती नाकारून मिळणारी मुक्ती खोटी असते.

शिल्लक प्रश्न

चार प्रश्न आजही सुटलेले नाहीत. पहिला कायद्याचा. राज्यघटनेचे २५ वे कलम धर्माचे आचरण आणि प्रचार यांचा हक्क देते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा प्रचाराच्या हक्काचा भाग नाही, असा निकाल दिला. राज्यांच्या धर्मांतरविषयक कायद्यांचे समर्थक दुबळ्यांच्या निवडीचे रक्षण म्हणून त्यांच्याकडे पाहतात. विरोधकांच्या मते ते दुबळ्यांच्या निवडीवरच अविश्वास दाखवतात. दुसरा प्रश्न दलित ख्रिस्ती समाजाचा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये यादीत आले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. जात धर्म बदलून सुटते की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न इथे थेट दाखल्याच्या कागदावर येतो. तिसरा, मंडळीत स्त्रियांचा अधिकार : चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक होतात, कॅथलिक चर्चमध्ये नाही, दोन्ही बाजू पौलाचाच आधार घेतात. चौथा, ‘देवाच्या दरबारा’चा : ख्रिस्तावर प्रेम आहे पण चर्चची दीक्षा घेतलेली नाही, अशा माणसांचे स्थान काय?

कुठवर आलो

जमाखर्च मांडला तर कृपा आणि इच्छा यांचा वाद बराच निवळला आहे, सक्तीच्या धर्माला आता एकाही मोठ्या चर्चचे समर्थन नाही, आणि मुक्तीत समाजही येतो हे तत्त्वतः सर्वांना मान्य आहे. मागे राहिला आहे तो अंमल. या आढाव्यातून मला एक गोष्ट ठामपणे दिसते. आंतरिक आणि बाह्य स्वातंत्र्य वेगळे करणे पुस्तकात जमते, माणसांच्या आयुष्यात जमत नाही. रमाबाईंना देवासमोर मोकळे व्हायचे होते, म्हणून त्यांना बिशपांशी बोलावे लागले. लक्ष्मीबाईंचे मन मोकळे झाले, तेव्हा ते आधी पाण्याच्या भांड्यापाशी दिसले. निर्मळांची प्रार्थना पूर्वजांच्या नावाशिवाय सुरू होऊ शकली नाही.

म्हणून पुढच्या चर्चेने एक काम हाती घ्यावे. रमाबाईंची पत्रे, ‘स्मृतिचित्रे’, आंबेडकरांचे निबंध आणि निर्मळांचे लेखन वेगवेगळ्या पंथांनी आणि पंथाबाहेरच्या वाचकांनीही एकत्र बसून वाचावे. हा ऐवज मराठी माणसांचा आहे आणि जगातल्या कोणत्याही ख्रिस्ती चर्चेत मानाने ठेवता येईल इतका भक्कम आहे. त्यातले सर्वात अवघड पान आंबेडकरांचे आहे. ज्या मंडळीला ते उघडपणे वाचता येईल आणि त्याला आपल्या वागण्यातून उत्तर देता येईल, तिच्या तोंडी स्वातंत्र्याची भाषा शोभेल.